मागं वळून बघायची जागा

माझ्या कानात दिवसभर टिकटिक चालू असते. भिंतीवरच्या घड्याळाची नव्हे, ते तर आमच्या घरी केव्हाचं बंद पडलंय. ही धंद्यातली टिकटिक आहे. गाणं रेकॉर्ड करताना वाजवणाऱ्याच्या कानाला हेडफोन लावतात आणि त्यात एकसारखा टिक, टिक आवाज सोडतात. त्याला क्लिक म्हणतात. त्याच्यावर वाजवलं की लय पुढं पळत नाही आणि मागंही रेंगाळत नाही. तीस वर्षं मी ती टिकटिक ऐकली. काम थांबवलं तेव्हा वाटलं, आता हीसुद्धा निवृत्त होईल. ती काही झाली नाही.

सकाळी बोरीला, आमच्या गावी, शेताच्या बांधावरून चालतो, तर पावलं आपोआप तिच्यावर पडतात. दुपारी डोळा लागतो तेव्हा ती लांब जाते, पलीकडच्या रानात कुणी खुंटी ठोकत असावं तशी. मग तिच्यात इतर आवाज मिसळायला लागतात. कधी वाजवलेली ढोलकी, कधी न वाजवलेली. जागा झालो की बराच वेळ कळत नाही, की हे गाणं खरंच झालं होतं की आत्ताच झोपेत रचलं. सुमन, म्हणजे आमची मंडळी, म्हणते, "झोपंत बी बोटं हालवता तुमी. माझ्या उशीवर ठेका धरू नका म्हनावं तर कोन ऐकतंय."

तर असा माणूस आपल्या धंद्याबद्दल लिहायला बसलाय. लिहायला सांगणाऱ्या संपादकांना वाटतं माझ्याकडे मोठमोठ्या कलावंतांच्या आठवणी असतील. तसलं काही नाही. मी परभणीतल्या एका लहानशा स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवणारा माणूस. ढोलकी, हलगी, संबळ, ढोल, जे लागेल ते. गाण्याच्या पाटीवर गायकाचं नाव असतं, गीतकाराचं असतं, कधीकधी ज्याच्या जीपमधून गायक आला त्याचंही असतं. माझं नसतं. पण या जिल्ह्यात तुम्ही लग्नाच्या वरातीत, जत्रेच्या भोंग्यावर नाहीतर रिक्षात बसून ढोलकी ऐकली असेल, तर तुमची-माझी ओळख आहे, फक्त तुम्हाला ती माहीत नाही.

गायकांनाही नसते. मी सकाळी वाजवून जायचो, गायक दुपारी येऊन त्यावर गायचा. पेडगावचा एक शेतकरी गळ्यानं फार गोड होता. त्याच्या चार-पाच भक्तिगीतांत मी ढोलकी वाजवली, पण त्याला माझं तोंडही माहीत नव्हतं. एकदा बाजारात त्याच्याकडे वांगी घेत होतो आणि त्याच्या फोनवर त्याचंच गाणं लागलं होतं. मी सहज विचारलं, "ढोलकी कुणाची हो?" तो वांगी तोलता तोलता म्हणाला, "ढोलकी व्हय? ती कंप्यूटरमधी आसती, काका." मी वांगी घेऊन घरी आलो. भाजी चांगली झाली होती.

स्टुडिओ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, वर पंखा आहे पण रेकॉर्डिंग चालू असताना तो बंद. एप्रिल-मेमध्ये आम्ही वाजवत नसू, उकडत असू. रेल्वे जवळ, त्यामुळे गाडी आली की हात वर करून बसायचं आणि ती गेली की पुन्हा पहिल्यापासून. स्टुडिओ रफीकभाईचा. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, कानानं माझ्याहून मोठा. कंप्यूटरच्या पडद्यावर तो आवाज बघायचा. मी म्हणायचो, आवाज ऐकायचा असतो. तो म्हणायचा, "मास्तर, तुम्ही ऐको, मैं देखता. दोघं मिळून एक मानूस पुरा होतो."

चामड्याचं वाद्य हवेवर चालतं. दमट दिवस असला की हलगी मऊ पडते, पत्र्यावर ओलं फडकं आपटावं तसा आवाज येतो. गावात माणसं तिला जाळावर शेकतात. गाद्या ठोकलेल्या खोलीत जाळ कुठून करणार? आमच्या खालच्या मजल्यावर ब्यूटी पार्लर होतं. मी हलगी घेऊन खाली जायचो आणि तिथल्या बाई केस वाळवायच्या मशीनखाली ती शेकून द्यायच्या. एकदा आत एक नवरी तयार होत होती. अर्धे केस तिचे वाळले, मग माझी हलगी, मग उरलेले अर्धे. तिच्याच वरातीत त्या आठवड्यात केलेलं गाणं वाजलं असेल असं मी आजवर धरून चाललोय. तपास मुद्दाम केला नाही.

निवडणुकीचा काळ म्हणजे आमची सुगी. एका साली समोरासमोरच्या दोन उमेदवारांची गाणी एकाच दिवशी आली. दोघांनाही घाई होती. मी एकच ठेका वाजवला, रफीकनं तो दोन्ही गाण्यांखाली घातला. चाली वेगळ्या, नावं वेगळी, खाली ढोलकी तीच. पुढं एका चौकात दोन्ही मिरवणुका समोरासमोर आल्या. दोन्ही गाड्यांवर गाणी चालू आणि लय तंतोतंत एक. पोलीस दोरी धरून उभे राहिले, पण भांडायला कुणी जागेवर थांबेना. दोन्हीकडचे कार्यकर्ते एकमेकांत मिसळून नाचत होते. मी रसवंतीच्या बाकावर बसून बघत होतो. आपल्या हातून एवढं समाजकार्य पुन्हा झालं नाही.

हे हसण्यावारी झालं, पण त्या लयीचा मला गर्व होता, हे कबूल करतो. दहा मिनिटांचं गाणं असलं तरी माझा हात क्लिकच्या अलीकडं-पलीकडं व्हायचा नाही. नांदेडहून, लातूरहून लोक यायचे. म्हणायचे, मास्तरच्या मनगटात घड्याळ बसवलंय. मला ते फार आवडायचं. जो गायक लयीत चुकायचा त्याची मला कीव यायची. रफीकला सांगून त्याचा आवाज कापून, पुढं-मागं सरकवून मी तो टिकटिकीवर बसवून घ्यायचो. दोन ओळींमध्ये कुणी जास्त थांबला, मोठ्यानं श्वास घेतला, की आम्ही ती जागा काढून टाकत असू. आमच्या बोलीत त्याला दम काढणं म्हणायचे. गाणं स्वच्छ व्हायचं. गायकही खूश, कारण आपण इतकं चांगलं गातो हे त्याला नव्यानं कळायचं.

मी काम थांबवलं त्याच्या आधीच्या वर्षी राणीसावरगावच्या बाजूच्या एका वाडीवरून एक बाई एकट्याच एसटीनं आल्या. गिरजाबाई. साठीच्या पुढं वय, धनगराचं घर, मेंढ्या पाळून असणारी माणसं. हातात पुरुषभर उंचीची काठी, तिच्या खालच्या टोकाला लोखंड बसवलेलं. खुर्ची दिली तर त्या खाली बसल्या आणि कमरेच्या पिशवीतून एक रुमाल काढला. रुमालात फोनमधलं मेमरी कार्ड होतं, नखाएवढं.

"आमच्या मालकाचा आवाज हाय ह्याच्यात," त्या म्हणाल्या. "ओवी हाय. तिला ढोल लावून पायजे."

"त्यांनाच आणायचं ना," मी म्हटलं. "समोर बसून वाजवलं असतं."

"ते न्हाईत आता. संक्रांतीच्या टायमाला गेले."

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. त्यांच्या वाडीत बिरोबाची जत्रा भरते. नऊ घरं मानाची. दर साली एका घरच्या कर्त्यानं देवापुढं ओवी गायची, म्हणजे एका घराची पाळी नऊ वर्षांनी येते. ओवी म्हणजे ढोलाच्या साथीनं देवाची, रानाची, मेंढरांची गोष्ट गात जायचं. त्या साली गिरजाबाईंच्या घराची पाळी होती.

"नऊ साल वाट बगिटली त्यांनी," त्या म्हणाल्या. "मेंढरामागं चालता चालता रोज गायचे, यंदा हे म्हनीन, ते म्हनीन. मी मागून चालता चालता फोनमधी भरून घेतलं व्हतं. लेकीनं शिकवलं, लाल बटन दाबायचं म्हनून. आता पंच म्हनायलेत, आवाज भोंग्यावर लावा, चालंल. पर ढोलाबिगर ओवी देवाला पोचत न्हाई. वाडीतल्या ढोलवाल्यानं भोंग्यासंगं वाजवून बगिटलं, मेळच बसंना. मंग कुनीतरी तुमचं नाव सांगिटलं. म्हनले, त्यांचा हात चुकत न्हाई."

शेवटचं वाक्य ऐकून माझी छाती फुगली, तेही कबूल करतो. ढोल लागला नाही तर पाळी पुढच्या घराकडं जाणार होती. गिरजाबाईंना मुलगा नव्हता. नऊ वर्षांनी त्या घरात गाणारं कुणी असणार नव्हतं.

त्या गेल्यावर आम्ही आवाज लावला. खोलीत एकदम रान आलं. वारा, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, पावलांखाली मोडणाऱ्या काड्या, आणि या सगळ्याच्या पुढं चालणारा एक खरखरीत, निवांत आवाज. रफीक पडद्याकडं न बघता डोळे मिटून बसला होता, हे मला आज आठवतं. त्या वेळी मी फक्त एक गोष्ट ऐकत होतो. हा माणूस मधेच थांबतोय. एक ओळ म्हणतो, दम घेतो, चार पावलं चालतो, मग पुढची ओळ. एके ठिकाणी तर इतका थांबला की मला वाटलं रेकॉर्डिंग संपलं. मी क्लिक लावून तीनदा ढोल वाजवून बघितला. तिन्ही वेळा ढोल एकीकडं, माणूस एकीकडं.

"रफीक, दम काढ," मी म्हटलं.

"मास्तर, सब?"

"सगळे. ओळीला ओळ जोड."

त्यानं कापले, जोडले, वाऱ्याचा आवाजही साफ केला. मग मी ढोल वाजवला. सुरेख झालं. ओवी सरळ रेषेत धावत होती. रफीकनं ते गाणं गिरजाबाईंच्याच कार्डावर भरून ठेवलं. त्याआधी कार्ड साफ केलं, कारण गिऱ्हाइकाला देताना कार्डात जुना कचरा राहू द्यायचा नाही ही आमची पद्धत. आणि कंप्यूटरमधला कच्चा माल दर शनिवारी उडवून टाकायचा, ही दुसरी पद्धत. मधे एक शनिवार येऊन गेला.

गुरुवारी गिरजाबाई आल्या. हेडफोन लावून त्यांनी थोडंसं ऐकलं आणि तो काढून मांडीवर ठेवला.

"ह्यो कोन गायलाय?" त्यांनी विचारलं.

"तुमचे मालकच आहेत, बाई."

"आवाज त्यांचाच हाय. पर ह्यो मानूस पळायलाय. आमचे मालक कवा पळत नव्हते. आन् त्यांचा दम कुटं गेला?"

मी त्यांना समजावलं की तो काढला, त्यानं ओवी स्वच्छ झाली. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. माझं जुनं हाय तसं द्या. मी तेच लावते, ढोल नसंल तर नसंल."

रफीकनं माझ्याकडं बघितलं. फोनमध्ये तरी असेल का म्हणून विचारलं, तर फोन नुकताच बिघडला म्हणूनच त्यांनी कार्ड काढून आणलं होतं. रफीक कार्ड घेऊन धावत एका मोबाईलच्या दुकानात गेला. पुसलेलं परत काढून देणारा एक माणूस तिथं होता. तासाभरानं रफीक परत आला आणि दारातच चप्पल न काढता उभा राहिला. तेव्हा मला कळलं.

मी वाजवणारा माणूस, बोलणं मला जमत नाही. तरी बोललो. "बाई, दम मी काढायला लावला. रफीकचा काही दोष नाही."

"कामून पर?"

"ढोल बसत नव्हता."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाल्या, "ढोल मानसावर बसवायचा आस्तो का मानूस ढोलावर?"

तीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नव्हता विचारला. खोलीत गाडीचा आवाज आला आणि गेला. मला लाज वाटत होती, आणि जत्रा चार दिवसांवर होती.

शेवटी मीच विचारलं, ते कुठं कुठं थांबायचे हे तुम्हाला आठवतं का.

"सा म्हैने झाले, रोज तेच ऐकायले," त्या म्हणाल्या. "पर बसून न्हाई सांगता येनार. चालावं लागंल."

रफीकनं खुर्च्या बाहेर काढल्या, सतरंजी गुंडाळली, माईक चालू केला. दहा बाय बाराची मोकळी फरशी. गिरजाबाईंनी काठी घेतली आणि भिंतीच्या कडेनं चालायला लागल्या, तोंडातल्या तोंडात ओवी पुटपुटत. काठी फरशीवर पडत होती, ठक, ठक. मी हेडफोन काढून ठेवला, ढोल पुढ्यात घेतला आणि त्या काठीवर वाजवायला लागलो.

सुरुवातीला हात ऐकेना. काठी एकसारखी नव्हती. चढ आल्यासारखी ती जड व्हायची, उतार आल्यासारखी हलकी. मग हळूहळू मला चढ कळायला लागला. त्या बंद खोलीत, गाद्यांच्या भिंतींमध्ये, मला खरोखर वाटायला लागलं की आपण कुणाच्या तरी मागून चाललोय, पुढं धूळ आहे आणि तिच्यात घंटा वाजताहेत. त्या थांबल्या की मी ढोलाची काठी वर धरून थांबायचो. न वाजवता थांबणं हे वाजवण्यापेक्षा अवघड असतं, हे मी त्या दिवशी शिकलो, म्हणजे निवृत्तीच्या बरोबर वेळेवर.

एका जागी गिरजाबाई थांबल्या आणि पूर्ण वळून दाराकडं बघायला लागल्या. मला वाटलं कुणी आलं. मीही बघितलं, रफीकनंही बघितलं. दारात कुणी नव्हतं. त्या तशाच उभ्या होत्या. मग काठी एकदा टेकली आणि पुढं निघाल्या. हीच ती लांब जागा होती.

संपल्यावर मी विचारलं, तिथं काय झालं होतं. दम लागायचा का त्यांना?

"दम न्हाई," त्या म्हणाल्या. "तिथं वढा लागतो. वढा वलांडला की ते मागं बगतेत. समदी मेंढरं आली का, येखांदं ऱ्हायलं का." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "मी सगळ्यात मागं आस्ते ना. मला बी त्यातच बगून घेतेत."

कापून जोडलेला आवाज ढोलापासून वेगळा असा कंप्यूटरमध्ये राहिला होता. रफीकनं पुढचे दोन दिवस बसून त्याच्या ओळी पुन्हा सुट्या केल्या आणि काठीच्या हिशेबानं एकेक जागेवर ठेवल्या. काठीचा आवाज त्यानं काढला नाही. दम मात्र परत आला नाही. त्या माणसाचे श्वास मी पुसून टाकले ते टाकलेच, तिथं आता नुसती मोकळी जागा होती. गिरजाबाईंना ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जागा तर हाय न्हवं. दम मी टाकते त्यात." माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते हलगी शोधायच्या निमित्तानं लपवलं.

जत्रेला मी गेलो. असल्या ठिकाणी मी सहसा जात नसे, आपलं वाजवणं भोंग्यावर ऐकायला मला संकोच वाटतो. दुपार कलली होती. लिंबाच्या झाडाला भोंगा बांधलेला, देवापुढं भंडाऱ्यानं पिवळी झालेली जमीन. वाडीतले म्हातारे मेंढपाळ घोंगड्या टाकून देवाकडं तोंड करून रांगेनं बसले होते, बाया त्यांच्या मागं. मी एका कडेला उभा राहिलो. पंचांनी खूण केली आणि ओवी सुरू झाली.

काही जणांच्या माना हलत होत्या. या म्हाताऱ्यांतले कितीतरी जण त्या माणसाबरोबर वर्षानुवर्षं रानोमाळ चाललेले. आवाज चढ चढला, उतरला, ओढ्यापाशी आला आणि थांबला. ढोलही थांबला.

माझ्या कानात त्या वेळी टिकटिक नव्हती. लिंबाची पानं तेवढी हलत होती.

आणि मग समोर बसलेली म्हाताऱ्यांची सगळी रांग, कुणी न सांगता, मान वळवून मागं बघायला लागली. त्यांना बघून मीही वळलो. सगळ्यात मागं, बायांच्याही मागं, गिरजाबाई एकट्याच उभ्या होत्या, हातात काठी घेऊन.

ठक असा आवाज झाला. तो भोंग्यातून आला की त्यांच्या हातून, मला सांगता येणार नाही. ओवी पुढं निघाली.